कळंबला दिलेला बोकड

आत्या,

तुला मातीत ठेवून आज बारा दिवस झाले. शेजारच्या बायका विचारतात, "तुमच्यात धाव्या-बाराव्याचं काय न्हाय का गं करायचं?" मी नाही म्हणते. त्या माझ्याकडे अशा बघतात की जणू तुला घोटभर पाणी न देताच मी वाटेला लावलं. आपल्यात गेलेल्या माणसासाठी काही द्यायचं नसतं. द्यायचं ते एकदाच, एकानेच देऊन ठेवलेलं आहे, हे तूच मला शिकवलंस. तरी तुला द्यायचं एक माझ्यापाशी राहून गेलं आहे. पाळकसाहेबांना तुझी गोष्ट कळवणारी मी होते. तुझी मैत्रीण सोनामावशी नव्हे. मी.

हे मी आपल्या मंडळीच्या मासिकासाठी लिहिते आहे. म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. रागावू नकोस.

बारामतीला शाळा सुरू झाली आहे. मी हजेरी घेते, फळ्यावर तारीख लिहिते, सगळं नीट चालतं. पण मुली तपासलेल्या पाट्या एकीच्या हातून दुसरीच्या हाती देत मागे सरकवायला लागल्या की मी हातातला खडू ठेवून बघत राहते. शेवटच्या रांगेत तुझा हात दिसतो. भाकरीचं ताट एका बाजूने घेऊन, त्यातलं काही न घेता, दुसऱ्या बाजूला देणारा. दोन वर्षं दर प्रभुभोजनाच्या रविवारी मी तो पाहिला. तुझा हात कधी थरथरला नाही. मी मात्र भाकर घ्यायची.

तू मिशनची बाई होतीस. इंदापुराच्या आसपासच्या गावांतून पायी हिंडून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचीस. लोक तुला गोष्टीवाली आक्का म्हणायचे. सुट्टीत मी तुझ्याबरोबर यायची. एकदा आपण बारामतीच्या पलीकडे पार लोणी भापकरला गेलो होतो, आठवतं? बायका एका ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, आणि तू अब्राहामाची गोष्ट लावलीस. देवाने त्याला म्हातारपणी एकच मुलगा दिला, मग तोच वाहायला सांगितला. बाप पोराच्या डोक्यावर लाकडं देऊन डोंगर चढला. सुरी उगारली तेव्हा देवाने हात धरला, आणि झुडपात अडकलेला एडका दाखवला. बायकांचे हात थांबले होते. तेवढ्यात एक काळीसावळी, दात पुढे आलेली बाई म्हणाली, "आन् पोराच्या आईला इचारलं का त्यानं?"

तू म्हणालीस, "तसं काय लिवलेलं न्हाय."

"मग लिवणारा बाप्यामानूस असंल."

सगळ्या हसल्या, तूही हसलीस. पण परतताना कोसभर तू बोलली नाहीस. मग एकदम म्हणालीस, "एडका झुडपात आदीपास्नं व्हताच, शांते. पर घरी बसलेल्या त्या माउलीला ते कुठं ठावं व्हतं?"

मला ते बोलणं गमतीचं वाटलं होतं. मी तेव्हा बोर्डिंगात शिकत होते आणि शास्त्राच्या परीक्षेत पहिली येत होते.

माझे आईवडील मानमोडीच्या तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले. मी सहा वर्षांची होते. तू विधवा होऊन इंदापुरात भावाच्या घरी राहिलेली, तूच मला वाढवलंस. चुलीतली राख परातीत पसरून माझं बोट धरून अक्षरं गिरवून घेतलीस. ळ आणि क्ष जरा उजवीकडे कलायचे, तुझे कलायचे तसेच. इंदापूरची शाळा, बारामतीचं बोर्डिंग, मग पुण्याचं कॉलेज. आपल्या घराण्यात माझ्या आधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तो कागद पाहिला की मला राखेची परात दिसते.

पदवीच्या परीक्षेआधी मला मुदतीचा ताप आला. दौंडहून छोट्या गाडीने बारामतीला आणि तिथून सर्व्हिस मोटारीने इंदापूरला, असं मला आणलं म्हणे. मला आठवतो फक्त मोटारीच्या टपाचा खडखडाट. सतराव्या-अठराव्या दिवशी मी बरळायला लागले. डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावून काही सांगितलं. त्यानंतर एक दिवस तू माझ्याजवळ नव्हतीस. पाळकसाहेबांच्या बाई बसल्या होत्या. तू संध्याकाळी आलीस, पाय धुळीने गुडघ्यापर्यंत भरलेले.

मी विचारलं, "कुठं गेली होतीस?"

"कळंबला. काम व्हतं."

चार दिवसांनी ताप उतरला. पुढच्या खेपेला मी परीक्षा दिली, पास झाले. मंडळीने उपकारस्तुतीची सभा ठेवली. मी उभी राहून साक्ष दिली की आम्ही कशाचाही आधार घेतला नाही, फक्त प्रार्थना केली, आणि प्रभूने मला उठवलं. लोकांनी आमेन म्हटलं. तू बायकांत मान खाली घालून बसली होतीस. मला वाटलं, आनंदाने.

मी बारामतीच्या शाळेत शिकवायला लागले, आणि महिन्याभराने घरी आले तेव्हा सोनामावशी भेटली. तू आणि ती दोघी कळंबच्या लेकी, एका वाड्यावर शेण गोळा करत वाढलेल्या, इंदापुरातही दोन घरांच्या अंतराने राहिलेल्या. आपलं घर ख्रिस्ती झालं, तिचं झालं नाही, पण तुमच्यात त्याने काही फरक पडला नाही. ती तुला "ए सायबीन" म्हणायची आणि तू तिला "शेरडाची मालकीण." त्या दिवशी तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"माजा बोकड गोड झाला म्हनायचा! असा धष्टपुष्ट व्हता, तुला सांगते."

"कसला बोकड?"

"आगं, मरीआईला दिल्याला. तुज्या तापात. आत्यानं तुला सांगितलं न्हाय व्हय? माज्याकडनं नेला, म्या बी संगं गेले कळंबला. लई रडत व्हती बिचारी वाटंनं." आणि मग माझा चेहरा पाहून, "सांगू नको बाई माजं नाव. तुमच्यात चालत न्हाय न्हवं."

आत्या, मी घरी येऊन तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी तीन दिवस जेवले नाही, आणि चौथ्या दिवशी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. माझी साक्ष खोटी ठरली होती. एकदा कायमचं अर्पण झाल्यावर पुन्हा रक्त सांडणं म्हणजे त्या अर्पणाचा अपमान, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तुझ्या आत्म्याची मला काळजी वाटली, हेही खरं आहे. पण आज बारा दिवस मी तेच पुन्हा पुन्हा तपासते आहे, आणि सर्वांत तळाशी मला सापडते ती लाज. शिकलेल्या मुलीची लाज. माझा जीव मरीआईच्या दगडापुढे बोकड कापून मागितला गेला, हे मला सोसवलं नाही.

त्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी तुला मंडळीपुढे उभं केलं. ते कठोर माणूस नाहीत, त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी विचारलं, "हे खरं आहे का?"

"होय."

"बाई, भीतीच्या भरात झालं असेल. पश्चात्ताप झाला एवढं म्हणा, मंडळी माफ करेल."

तू पदर नीट केलास. मग पुस्तकी भाषा सोडून कळंबच्या बोलीत बोललीस, देवळात पहिल्यांदाच.

"मानमोडीत माजा भाऊ हातरुणाला खिळला. भावजय माज्या पाया पडली, म्हनली वन्सं, एक कोंबडं तरी सोडा. म्या न्हाय म्हनलं. म्हनलं, आपल्यापायी कोकरा दिलाय देवानं, आता दुसरं रगत न्हाय. शास्त्राला धरून ऱ्हायले. दोन मढी उचलली सायेब. ह्या बारीला मला भ्या वाटलं. भ्यायल्याचा पस्तावा मी करते, आत्ता करते. पर बोकड दिल्याचा पस्तावा कर म्हनाल तर तो मला व्हत न्हाय. तसं म्हनायचं म्हंजी पोरगी मेली असती तरी चाललं असतं म्हनायचं."

"बोकडाने तिला वाचवलं असं तुम्हाला वाटतं का?"

"न्हाय. बोकडानं काय व्हत असतं का! वाचवली ती त्यानंच." तू वर बोट केलंस. "पर मी दिला, ते बी खरं हाय. मला खोटं बोलाया लावू नगा."

आईने एक कोंबडं मागितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या मंडळीबरोबर, एका वेळी.

तुझं काम गेलं. प्रभुभोजन घेण्याची बंदी झाली, पश्चात्ताप होईपर्यंत. तू दर रविवारी येतच राहिलीस, दाराजवळच्या चटईवर बसायचीस. वस्तीत कुजबूज सुरू झाली, साहेबांना सांगितलं कुणी? कळंबला तुझ्याबरोबर एकटी सोनामावशीच होती. शिवाय बाजारच्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं की ती समोरून "ए सायबीन" म्हणत आली आणि तू मान फिरवून दुसऱ्या गल्लीने गेलीस. मी भाजीची पिशवी घेऊन तुझ्या मागे होते. सोनामावशी उन्हात तशीच उभी राहिली. शेजारची एक म्हणाली, "चांगलं केलं आक्कानं. चुगलखोर कुठली." मी काही बोलले नाही. त्यानंतर दोन वर्षं बोलले नाही.

बोलले ते दुसरंच. दर शनिवारी बारामतीहून यायचं आणि तुझ्याशी वाद घालायचा. "आत्या, पश्चात्तापाचा एक शब्द बोल, सुटशील." तू भाकरी थापत ऐकून घ्यायचीस. एकदा मी फार चढले, म्हटलं, करार म्हणजे करार, तू तो मोडलास. तुझे हात थांबले.

"करार तू पुस्तकात शिकलीस, शांते. मी गावात सांगत हिंडले. अब्राहामानं जनावरं उभी चिरली आन् दोन अंगाला मांडली. रीत अशी व्हती की शब्द देणाऱ्या दोघांनी बी त्याच्यामधनं चालायचं. शब्द मोडला तर माजं बी असंच व्हवं म्हनून. पर अब्राहामाला लागली झोप. देव एकलाच मधनं गेला. आता सांग, मोडणारा कोन आन् चिरला जाणारा कोन?"

"म्हणून माणसाने वाटेल ते करायचं?"

"वाटंल ते न्हाय. पर मोडल्यावर बी त्यो धरून ऱ्हातो, म्हनून तर त्याला करार म्हनायचं. न्हाईतर मग ती मिशनची नोकरी झाली." आणि हसलीस. काम गेल्याचा विनोद तूच करायचीस, मला हसता यायचं नाही.

त्या वादात मी हरले असं मला अजून वाटत नाही. भीतीला दिलेलं अर्पण आणि प्रेमाने दिलेलं अर्पण यांत अंतर असतं, असं मी आजही म्हणेन, आणि तू म्हणशील की ज्याचं माणूस तापाने बरळतंय त्याने ते अंतर मोजावं कसं. पण वाद हा माझा आडोसा होता. शास्त्रावर बोलत राहिलं की पत्रावर बोलावं लागत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तुझी छाती भरली होती. मी रजा घेऊन तुझ्याजवळ बसले. रोज ठरवायची, आज सांगायचं. "आत्या, ते दोन वर्षांपूर्वी…" एवढं म्हटलं की तू म्हणायचीस, "पानी दे." पाणी दिलं की, "खिडकी लाव." एकदा तर "कोंबडी आत आली वाटतं" म्हणालीस. आपल्याकडे कोंबडी नव्हती. मला वाटलं, वातात आहेस.

तू गेल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शेवटी काही बोलल्या का? पश्चात्तापाचं?" त्यांचा हेतू चांगला होता. मी हो म्हटलं असतं तर तुझं नाव पुन्हा प्रभुभोजनाच्या यादीत लागलं असतं. मी नाही म्हटलं. तुझ्याविषयी दुसऱ्यांदा खरं सांगितलं, आणि या वेळी तू माझ्या बाजूने उभी आहेस असं वाटलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "चला, देवळाजवळच्या आपल्याच दफनभूमीत ठेवू. प्रार्थना मी करतो." कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, सोनामावशी शेरडं घेऊन उभी होती. आत आली नाही. मला वाटलं, तोंड दाखवायला लाजते. कुणाची लाज कुणावर ढकलली होती मी!

परवा शनिवारी इंदापूरला उतरले ती सरळ तिच्या दारात गेले. ती चारा तोडत होती. मी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सांगितलं, "मावशी, साहेबांना मी सांगितलं होतं. पत्र लिहून. तुमच्यावर आळ आला, आणि मी गप्प बसले."

तिने मान वर केली नाही. "ठावं हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुज्या आत्यानं. आनखी कोन सांगनार? साहेबाच्या हातात कागद व्हता तवाच तिनं वळकलं. म्हनली, सोने, तिरकी अक्षरं मीच गिरवून घेतल्यात तिची. त्याच दुपारी आली माज्याकडं. हितंच बसली, तू हुबी हाईस तितं."

मी त्याच जागी बसले.

"म्हनली, पोरगी नवीन मास्तरीन झालीया. आत्याला इकली म्हनून वस्ती तिला नांदू द्यायची न्हाय, शाळा बी ठिवायची न्हाय. तवा मी तुज्यासंगं बोलनं सोडते, लोक काय समजायचं ते समजतील. तुला चालंल का? म्या म्हनलं, चालंल. मला काय, माजं नाव का कुठल्या दाखल्यावर हाय?"

"पण मग मला का नाही बोलली ती? मी किती वेळा सांगायला गेले…"

"बोलू दिलं न्हाय न्हवं? मला म्हनली व्हती, लई खरं बोलती पोरगी. माज्याम्होरं बोलली की उद्या देवळात हुबं राहून बोलंल. तिला मी बोलूच द्यायची न्हाय." सोनामावशीने विळा खाली ठेवला. "एकडाव ठरलं ते ठरलं. फिरून दोन वर्सं तिनं माज्याकडं बगितलं न्हाय आन् म्या तिच्याकडं. शेजारनं जायची तर पाऊल वाजायचं, तेवढंच."

मी म्हटलं, "मी मंडळीला सगळं सांगणार आहे."

"कशाला? तिनं येवढं केलं ते मातीत घालशील." तिच्या आवाजात माया नव्हती. माझ्यावरचा दोन वर्षांचा राग होता, आणि तो तिच्याकडे असायलाच हवा होता. "तुज्यापायी माजा बोकड गेला, तिचं काम गेलं, आन् आमचं बोलनं गेलं. आता तू मोकळी व्हाया निघालीस व्हय?"

आत्या, तिचं खरं होतं. आपल्यासाठी दुसऱ्याने दिलेलं परत करता येत नाही, हे मी वर्गात शिकवते. ते अंगावर घेऊन जगणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागून ती म्हणाली, वेगळ्याच आवाजात,

"ए पोरी. तुमच्यात आमाला मातीपाशी येऊ देत्यात का?"

"म्हणजे?"

"तिच्या मातीपाशी. म्या मूठभर माती बी टाकली न्हाय. लोकांनी बगितलं आस्तं तर म्हनले आस्ते, भांडान व्हतं ना, मग ही रडती कशी?"

तेव्हा माझं ठरलं. तू जे मला दिलंस ते मी ठेवते, आत्या. परत करण्याची माझी ऐपतही नाही. पण त्यात सोनामावशीचंही काही होतं, आणि ते ठेवण्याचा हक्क मला नाही. शाळेचं काय व्हायचं ते होवो.

काल रविवारी देवळातून मंडळी बाहेर पडत होती, लख्ख ऊन होतं. मी सोनामावशीचा हात धरून फाटकातून आत आले. लोक थांबले. एक बाई म्हणाली, "हिला कशाला आनलं गं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "साहेबांना पत्र लिहून मी कळवलं होतं. ह्यांनी नाही." पाळकसाहेब पायरीवर उभे होते. त्यांना तर पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी पायऱ्या उतरून दफनभूमीचं फाटक पुरतं उघडलं.

सोनामावशी तुझ्या मातीपाशी गेली. पदर खोचला, मांडी घालून बसली, दोन ढेकळं हाताने फोडून नीट पसरली. मी मागे राहिले. मला वाटलं, ती आता रडेल. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते पाहून घेतलं, आणि मग सगळ्यांदेखत, बाजारात मारायची तशी मोठ्याने हाक मारली.

"ए सायबीन! बोलते गं आता. आगूदर मला सांग, त्या बाजारात मान जरा कमी फिरवली आस्तीस तर काय बिगडलं आस्तं का तुजं?"

आणि ती तुझ्याशी भांडत बसली, ऊन उतरेपर्यंत.